गच्चीच्या दाराची पायरी

मामाच्या गच्चीच्या दाराबाहेर एक पायरी होती. त्या पायरीवर बसलेला माझा एक फोटो आहे. मी पाच-सहा वर्षांची, पुढचा दात पडलेला, गुडघे हनुवटीला टेकलेले आणि हातात कुणाची तरी मोठी छत्री. फोटोत पायरीची कड स्वच्छ दिसते. हा फोटो पुढे पुरावा म्हणून लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दोन महिन्यांपूर्वी मामाचा फोन आला. "गच्चीवर बाग करायचं डोक्यात आहे. कठड्याच्या आतून विटांचे वाफे, त्यात फूटभर माती, मधे एक दगडी बाक. तू एकदा येऊन नजर टाकून जा."

नजर टाकून जा! बावीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतेय, आणि घरच्यांना अजून वाटतं की डॉक्टर जीभ बघतात तसं मी छत बघते. छत बघून फार काही कळत नाही. भेगा असतील, सळईचा गंज बाहेर आला असेल, तर काय बिघडलंय ते थोडंफार कळतं. पण अजून किती झेपेल, हे बेरीज केल्याशिवाय सांगता येत नाही. आणि बेरजेसाठी आधी हे माहीत हवं, की आत्ता त्या छतावर काय काय बसलंय.

मी टेप, वही आणि एक छोटी हातोडी घेऊन गेले. मामाने माळ्यावरून घराचे जुने नकाशे काढून ठेवले होते. निळ्या रेषांचा अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेला. कोपऱ्यात डिझायनरने हाताने तीन ओळी लिहिल्या होत्या: स्लॅब १२५ मिलिमीटर, वरचं फिनिशिंग २०० किलो, लाइव्ह लोड १५० किलो. किलो म्हणजे चौरस मीटरमागे. त्या अनोळखी माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. पुढे कुणीतरी हे वाचेल, असं समजून लिहिणारे कमी असतात.

"हे लाइव्ह लोड म्हणजे माणसं ना?" मामाने विचारलं.

माणसं, पण फक्त माणसं नाहीत. डेड लोड आणि लाइव्ह लोड, या दोन नावांनी फार गोंधळ घातलाय. पुस्तकी मराठीत अचल भार आणि चल भार म्हणतात, ते अर्थाच्या जास्त जवळ जातं. पण साइटवर तसं बोललात तर मिस्त्री नुसता तोंडाकडे बघत राहतो. घरातलं कपाट निर्जीव असतं, तरी ते लाइव्ह लोडमधे धरतात. पलंग, पुस्तकं, पाहुणे, सगळं लाइव्ह. भिंत, प्लास्टर, फरशी, स्लॅबचं स्वतःचं वजन हे डेड. माझ्यापुरता मी एकच प्रश्न विचारते: हे वजन इथे आहे, उद्याही असणार आहे आणि किती आहे ते मला मोजता येतं का? उत्तर हो असेल तर डेड. आज आहे उद्या नाही, इथे आहे का तिथे, एक आहे की वीस, असं असेल तर लाइव्ह. म्हणजे हा फरक वजनाच्या जातीचा कमी आणि आपल्या खात्रीचा जास्त.

ही खात्री आकड्यांतही उतरलेली दिसते. डिझाइन करताना वजन सुरक्षिततेसाठी मुद्दाम वाढवून धरतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या हिशोबात डेड लोडला १.२ ने गुणतात आणि लाइव्हला १.६ ने. युरोपात १.३५ आणि १.५. ज्याच्यावर भरवसा कमी, त्याला गुणक मोठा. भारतीय बांधकाम संहितेत काँक्रीटसाठी दोघांनाही सरसकट १.५. सोपं आहे, पण त्यात ही गंमत हरवते. मला स्वतःला वेगवेगळे गुणक आवडतात, कारण डिझाइन करणाऱ्याला प्रत्येक वजनाबद्दल एकदा तरी ठरवावं लागतं, की हे कुठल्या रकान्यात टाकू.

गच्चीवर बसून मी मामाला त्याच्या छताचा हिशोब मांडून दाखवला. छताचा एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा कापून काढलाय, अशी कल्पना करायची. सळईसकट काँक्रीट घनमीटरला २५०० किलो, म्हणजे १२५ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचं वजन ३१२ किलो. खालचं प्लास्टर २५. उताराचा आणि वॉटरप्रूफिंगचा मूळ कोबा सरासरी १०० मिलिमीटर, घनमीटरला २००० किलोने २००. झाले ५३७. त्यावर लाइव्ह लोडचे १५०. एकूण ६८७.

मामा थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. "म्हणजे हे सगळं मुख्यतः स्वतःलाच उचलतंय?"

हो. काँक्रीटच्या घराचं हे गुपित म्हणा किंवा लाज म्हणा. छताच्या ताकदीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग त्याचं स्वतःचं आणि त्याला कायमचं चिकटलेलं वजन पेलण्यात जातो. आपल्यासाठी उरतो तो वरचा लहानसा तुकडा. तो तुकडा नेमका केवढा, यावर देशोदेशीच्या संहितांची वेगळी मतं आहेत. भारतीय संहितेत जिना असलेल्या सपाट गच्चीला चौरस मीटरमागे १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो; फक्त दुरुस्तीपुरतं चढायचं असेल तर निम्मं. अमेरिकेत साध्या छताला चौरस फुटाला २० पौंड, म्हणजे ९८ किलोच्या आसपास. मात्र छत बसा-उठायला वापरणार असाल तर त्या वापराचा मोठा आकडा लागतो. युरोपात देखभालीपुरत्या छताला सुचवलेला आकडा ०.४ किलोन्यूटन, जेमतेम ४० किलो. बर्फ पडत असेल तर त्याचा हिशोब वेगळा. छत तेच, काँक्रीट तेच. वर जायला जिना आहे का आणि त्या जिन्याने कोण कशासाठी जाणार, यावर आकडा ठरतो.

१५० किलो कमी वाटतात, पण माणसांच्या बाबतीत ते बरेच आहेत. चौरस मीटरमधे दोन मोठी माणसं उभी राहिली की १५० झाले, आणि अख्ख्या गच्चीवर दर चौरस मीटरला दोन माणसं कधी उभी राहत नाहीत. खांद्याला खांदा लावून गर्दी झाली तर चार-पाच मावतात आणि आकडा ३०० च्या पुढे जातो. घरच्या गच्चीवर असं सहसा घडत नाही, एखादी मिरवणूक बघायला सगळे एकाच कठड्याशी जमले तर गोष्ट वेगळी. पाणी मात्र असं विरळ राहत नाही. कठड्याला आतून १५० मिलिमीटर पाणी साठलं, की सगळ्या गच्चीवर एकसारखे १५० किलो. डिझायनरने कागदावर लिहिलेला पूर्ण लाइव्ह लोड, कोपरान्‌कोपरा. त्यासाठी एक जाळी पाल्याने तुंबली की पुरे. शिवाय पाणी वाईट खोड्या करतं: छत जिथे थोडं वाकतं तिथेच ते गोळा होतं, त्या वजनाने छत अजून वाकतं, मग तिथे अजून पाणी. लांब गाळ्याच्या हलक्या पोलादी छतांमधे हे चक्र थांबतच नाही, अशी वेळ येऊ शकते. जाड स्लॅबमधे सहसा थांबतं. पण म्हणून पन्हळीकडे दुर्लक्ष करायचं कारण नाही.

आता टाकी. हा विषय निघाला की मला माझी पहिली नोकरी आठवते. मी एका घराच्या छतावर हजार लिटरच्या टाकीसाठी ४० किलो धरले होते. कंपनीच्या पत्रकात तेवढंच वजन लिहिलेलं होतं. सरांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "टाकी वर विकायला ठेवलीय का?" त्या दिवसापासून मी टाकीचं वजन आधी पाण्याने भरून मगच लिहिते. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि टाकीचा तळ जेमतेम एक चौरस मीटर. म्हणजे त्या जागी लाइव्ह लोडच्या सहा-सात पट. टाकी चालते, पण ती बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर हवी. स्लॅबच्या मधोमध चार विटांवर नाही. मामाची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे, खाली चारही बाजूंना भिंती. तिथे मला काहीच बोलायचं नव्हतं.

मग मी दाराकडे गेले आणि थांबले.

पायरी नव्हती. म्हणजे होती, पण चपलेच्या टाचेएवढी. टेप लावली तर ४० मिलिमीटर. मोबाइलवर तो जुना फोटो काढला. पाच-सहा वर्षांचं मूल गुडघे हनुवटीला टेकवून ज्या पायरीवर बसतं, ती ४० मिलिमीटरची नसते. मामीने नकाशातला जिन्याचा छेद शोधून दिला, त्यात आकडा लिहिलेला होता: १५०.

"मामा, वॉटरप्रूफिंग कितीदा केलंस?"

दोनदा. पहिल्यांदा गळती झाली तेव्हा जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकला. जुना काढायचा तर धूळ, आवाज, राडारोडा, आणि कंत्राटदार म्हणाला की काढायची गरजच नाही, उलट दुहेरी संरक्षण होईल. दुसऱ्यांदा त्यावर मसाला घालून फरशा बसवल्या. दोन्ही मिळून ११० मिलिमीटर. कोपऱ्यातली एक सुटी फरशी हातोडीने उचकटून कडेला बघितलं, तर थर झाडाच्या वर्तुळांसारखे मोजता येत होते.

११० मिलिमीटर, घनमीटरला २००० किलो. चौरस मीटरमागे २२०.

म्हणजे डिझायनरने माणसांसाठी, खुर्च्यांसाठी, पावसासाठी जे १५० किलो राखून ठेवले होते, त्याहून ७० जास्त आधीच बसले होते. कुणाला न विचारता, कायमचे. गच्चीवर त्या वेळी मी, मामा आणि मामी सोडून काहीही नव्हतं. रिकामी गच्ची म्हणतात ती हीच.

मामाने मग तो प्रश्न विचारला, जो मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. "पण छत आता जास्त जाड झालंय ना? म्हणजे मजबूतच झालं की!"

नाही. आणि हे समजावायला मला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण ऐकायला ते चुकीचं वाटतं. स्लॅबवर वजन आलं की तो खाली वाकतो. खालचा भाग ताणला जातो, वरचा दाबला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण नाही, म्हणून ताणाच्या बाजूला सळई घालतात. खालची सळई आणि वरचं काँक्रीट यांच्यातल्या अंतरावर आणि त्यांनी एकमेकांना घट्ट धरून राहण्यावर छताची ताकद असते. वर नंतर ओतलेला कोबा या भागीदारीत नाही. तो स्लॅबला नीट जोडलेलाही नाही, त्याच्यात सळई नाही. तो पाठीवर बसलेला आहे. एखाद्याच्या पाठीवर पोतं ठेवून "बघा, हा आता किती रुंद दिसतोय" म्हणण्यातला प्रकार.

"पण फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो ना?" मामी म्हणाली. ती पूर्वी गणित शिकवायची. तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात.

असतो. त्यामुळेच आपण वर उभे होतो. ६८७ ला १.५ ने गुणलं की १०३० होतात. छत या आकड्यासाठी बेतलेलं. आत्ता डेड ५३७ अधिक २२०, म्हणजे ७५७, त्यावर लाइव्ह १५०, एकूण ९०७. १०३० भागिले ९०७, म्हणजे १.५ चा गुणक आता १.१४ वर आला. ही फट ठेवलेली असते ती आमच्या चुकांसाठी. काँक्रीट ठरलेल्या ताकदीचं निघालं नाही, सळई दहा मिलिमीटर खाली-वर गेली, पाणी जास्त मिसळलं, गणितात एखादं गृहीतक सैल धरलं, अशा सगळ्यांचं त्यात भागवायचं असतं. घरमालकाने ती शिल्लक समजून खर्च केली, तर आमच्या चुकांना जागा उरत नाही. आणि चुका असतातच. मी साइटवर पाहिल्यात.

मामीने वही माझ्याकडून ओढून घेतली आणि बागेचं गणित स्वतः मांडलं. फूटभर माती, ३०० मिलिमीटर. कोरडी की ओली? मी म्हटलं ओली, कारण मामा पाणी घालणार आणि पाऊस त्याला विचारून पडणार नाही. भिजलेली माती घनमीटरला १८०० किलो धर. म्हणजे ५४०. ७५७ अधिक ५४०, १२९७. तिने मान वर केली. "माणूस एकही न चढता १०३० च्या पुढे गेलं हे."

याचा अर्थ माती टाकली की छत त्याच दिवशी खाली येतं, असा नाही. काँक्रीटची आणि सळईची ताकदही हिशोबात मुद्दाम कमी धरलेली असते, बाजूच्या भिंती थोडी मदत करतात, आणि काँक्रीट हे एकंदर सहनशील प्रकरण आहे. हीच त्याची पंचाईत. ते लगेच तक्रार करत नाही. डेड लोड सतत बसून असतो, आणि सततच्या वजनाखाली काँक्रीट वर्षानुवर्षं सावकाश वाकत राहतं. त्याला क्रीप म्हणतात. पहिल्या दिवशीचा वाक चार मिलिमीटर असेल, तर काही वर्षांत तो दहा-बाराही होऊ शकतो. संध्याकाळी येऊन रात्री गेलेले पाहुणे छत विसरतं. वाफ्यातली माती विसरत नाही. खालच्या खोलीचं दार घासायला लागतं, भिंतीच्या वरच्या कडेला एक बारीक आडवी भेग येते, लोक सुताराला बोलावतात.

२०२१ च्या २४ जूनला फ्लोरिडातल्या सर्फसाइडमधे शँप्लेन टॉवर्स साउथ या राहत्या इमारतीचा मोठा भाग मध्यरात्रीनंतर कोसळला. ९८ माणसं गेली. इमारत १९८१ ची. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने त्याचा तपास हाती घेतला, आणि त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांमधली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पोहण्याच्या तलावाभोवतीचा जो मोकळा भाग होता, तो म्हणजे खालच्या गाडीतळाचं छत. तो स्लॅब मुळातच हवा होता त्यापेक्षा दुबळा बेतलेला होता. त्यावर झाडांचे जड वाफे अशा जागी आले, जिथे मूळ नकाशात ते नव्हते. पुढे केव्हातरी नूतनीकरणात वाळू आणि फरसबंदीचा आणखी थर चढला. भरीला गंज. प्रत्येक गोष्ट करताना कुणालातरी ती किरकोळ वाटली असणार. फरशी बदलणं हा स्ट्रक्चरचा विषय आहे, असं कुणाला वाटतं?

उलट बाजूचं उदाहरण सोलमधलं. सांपुंग हे दुकानांचं मोठं संकुल २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ मृत्यू. कॉलम बारीक केलेले, मजला वाढवलेला, चुका अनेक. पण त्यात छतावरच्या वातानुकूलन यंत्रांची गोष्ट आहे: शेजाऱ्यांना आवाज होतो म्हणून १९९३ मधे ती दुसरीकडे हलवली, आणि क्रेनने उचलण्याऐवजी छतावरून रोलरवर ओढत नेली. छताला भेगा पडल्या. जागच्या जागी असलेलं वजन डेड लोड म्हणून कदाचित पेललंही असतं. ओढत नेताना ते प्रत्येक पावलाला अशा जागी गेलं, जिथे त्याची कुणाला अपेक्षा नव्हती.

एक गोष्ट मात्र डेड लोडच्या बाजूने बोलायला हवी, नाहीतर मी त्याच्यावर उठलेय असं वाटेल. मामाने माझा नकार ऐकून लगेच दुसरा विचार काढला, की मग गच्चीवर पत्र्याची शेड करू, ती तर हलकी. हलकी आहे, तोच तर घोर. पत्रा चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. वारा सेकंदाला ४० मीटरने, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरने वाहायला लागला, की त्याचा दाब चौरस मीटरला ९६० न्यूटन होतो, जवळपास ९८ किलो. आणि छताच्या कडेला, कोपऱ्यांत तो वरून दाबत नाही, वर खेचतो. पाच किलोचा पत्रा तिथे काय धरून बसणार? म्हणून वाऱ्याच्या हिशोबात डेड लोड मित्र असतो, आणि त्या वेळी आम्ही त्याला वाढवून नाही, कमी करून धरतो; ०.९ ने किंवा ०.६ ने गुणतो. तेच वजन, एका बेरजेत १.५ पट, दुसऱ्या बेरजेत ०.९ पट. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा सांगितलं की त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटतं. सोलर पॅनेलचंही असंच: वजन फारसं नाही, स्टँडसकट चौरस मीटरला १५ ते २५ किलो, पण बोल्ट कशात अडकवलेत ते आधी बघा. नुसत्या कोब्यात अडकवले असतील तर पॅनेल आणि कोबा दोन्ही उडतील, शिवाय गळती ती वेगळीच.

मामाच्या डोक्यातून बाग गेली नव्हती. मीही ती काढणार नव्हते, त्याचं वय आणि उत्साह बघता. आधी वरचे दोन थर काढायचे ठरलं. हे काम हातांनी, छिन्नी-हातोडीने. मोठा ब्रेकर लावला तर खालचा स्लॅबही हादरतो. आणि कामगारांना मी दोनदा बजावलं, की निघालेला राडारोडा गच्चीवर ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली. सैल राडारोड्याचा दोन फूट उंचीचा ढीग म्हणजे चौरस मीटरला ९०० किलोच्या घरात. माझ्या अनुभवात, बऱ्याच छतांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं ओझं त्यांच्या दुरुस्तीच्या आठवड्यातच सोसावं लागतं: मधोमध रचलेल्या विटा, वाळूचा ढीग, फरशांची खोकी, सिमेंटच्या गोण्या. तिसऱ्या दिवशी अचानक गेले तर ढीग होताच. गॅलरीच्या छज्जावर.

छज्जावर! तो दीड हात बाहेर आलेला, एका बाजूनेच धरलेला तुकडा. दोन्ही टोकांना टेकलेल्या स्लॅबपेक्षा त्याच्या मुळाशी तेवढ्याच लांबीला वाकवणारा जोर चौपट येतो, आणि ताण वरच्या बाजूला असतो. म्हणून त्याची मुख्य सळई वर असते. आणि ओतकामाच्या दिवशी सगळे त्याच सळईवर पाय देऊन चालतात. १०० मिलिमीटरच्या छज्जात वरची सळई २५ मिलिमीटर दबली, की त्याची एक तृतीयांश ताकद गेली. बाहेरून काही दिसत नाही. मी त्या दिवशी आवाज चढवला. फारसा चढवत नाही. ढीग तासाभरात हलला.

थर निघाल्यावर मूळ कोबा बऱ्यापैकी चांगला निघाला. त्याच्या भेगा भरल्या आणि वर पातळ वॉटरप्रूफिंग, संरक्षक मसाल्यासकट ३० मिलिमीटर. पायरी १२० ची झाली. वाफे नाहीत, कुंड्या. त्याही मधोमध नाही, भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर, जिथे वजन स्लॅबला न वाकवता सरळ खाली उतरतं. नेहमीच्या मातीऐवजी कोकोपीट मिसळलेलं हलकं मिश्रण. दगडी बाकाऐवजी लाकडी. बाक गेल्याचं मामाला जास्त वाईट वाटलं, तो त्याने मनात फार आधीपासून ठेवलेला होता.

निघताना मी गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला, वर, मार्करने लिहिलं: पायरी १२० मिमी, आणि खाली तारीख. पुढच्या कंत्राटदाराने वाचलं तर ठीक, नाहीतर मोजायला टेप आहेच.

परवा मामीने दाराचा फोटो पाठवला. माझ्या ओळीखाली मामाच्या तिरक्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: "कुंड्या २६. पाणी घातल्यावर एकीचं वजन १८ किलो. काट्यावर मोजलं."